बिनडोंगराचं स्वित्झर्लंड

त्या गावाच्या वेशीवर एक मोठी पाटी होती. तिच्यावर गावाचं नाव आणि त्याखाली, 'शाळांचं गाव'. पाटीच्या मागे मेंढ्या चरत असायच्या. तिथे राहून आल्यावर मी खात्रीने सांगते, गावातले सगळ्यांत विचारी चेहरे त्यांचेच होते.

शाळा मात्र खरंच पुष्कळ होत्या. मुलांची एक निवासी शाळा, मुलींची एक, चर्चची एक, घोडेस्वारी शिकवणारी एक. त्या वजा केल्या तर उरायचा एकच रस्ता. त्यावर एक बेकरी, जुन्या कपड्यांचं धर्मादाय दुकान, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आणि एक डेअरी. डेअरी म्हणजे दुधाची नव्हे. न्यूझीलंडमध्ये कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाला डेअरी म्हणतात. आमची डेअरी एक गुजराती गृहस्थ चालवायचे आणि दुकानात गोरं गिऱ्हाईक असलं की माझ्याशी हिंदीत बोलायला लाजायचे.

दुपारी शाळा सुटल्या की हा रस्ता ब्लेझरनी भरून जायचा. लांब मोजे, अर्ध्या चड्ड्या, ऐन थंडीत उघडे गुडघे. शेतकऱ्यांचीच मुलं ती, पण घरी मेंढ्या इतक्या की त्यांना आपण लॉर्ड असल्यासारखं वाटायचं. शनिवारी हीच मुलं सुपरमार्केटात अनवाणी हिंडायची. पुण्यात कुणी अनवाणी दिसलं तर त्याला चप्पल घेऊन द्यावी असं वाटतं. इथे तो डोंगराएवढ्या कुरणाचा वारस निघायचा आणि माझ्याकडे असा बघायचा, की अनवाणी मीच आहे.

माझी शाळा यांपैकी नव्हती. माझी शाळा स्विस होती.

दोन हजारनंतरची पहिली काही वर्षं होती ती. पुण्यात परदेशी शिक्षणाचे एजंट गल्लोगल्ली झाले होते. आमच्या एजंटच्या खुर्चीमागे बर्फाच्या डोंगराचं पोस्टर लावलेलं होतं. तो म्हणाला, हॉटेल मॅनेजमेंट शिकावं तर स्वित्झर्लंडमध्ये. तिथे एकेक गाव असं आहे की जिकडे बघाल तिकडे शाळा. पण तिथला व्हिसा कठीण. म्हणून तीच पद्धत, तीच शिस्त, तसंच शाळांचं गाव, फक्त न्यूझीलंडमध्ये. बाबांनी विचारलं, तिथे डोंगर आहेत का. एजंट म्हणाला, न्यूझीलंडमध्ये डोंगरांना काय तोटा. तोटा नव्हताच, पण त्यांतला एकही आमच्या गावातून दिसत नव्हता. आमचं गाव पोळपाटासारखं सपाट होतं.

शाळेची इमारत म्हणजे जुनं लोकरीचं गोदाम. त्याच्या तोंडावर लाकडी उतरतं छप्पर ठोकून आणि खिडक्यांखाली लाल फुलांच्या कुंड्या टांगून त्याला स्विस करण्यात आलं होतं. हवा दमट झाली की भिंतींना मेंढीचा वास यायचा. दारातच कोकिळेचं घड्याळ होतं. दर तासाला त्यातला पक्षी बाहेर यायचा, चोच उघडायचा आणि काहीही न बोलता आत जायचा. शाळेत शिकवणाऱ्या बऱ्याच लोकांचं असंच होतं.

डायरेक्टरसाहेब मात्र भरपूर बोलायचे. ज्या देशात बँकेच्या मॅनेजरलासुद्धा पहिल्या नावाने हाक मारतात, तिथे त्यांना 'सर' म्हणावं लागायचं. सकाळी 'किया ओरा' म्हणून ते माओरी नमस्कार करायचे आणि लगेच नखं तपासायचे. त्यांचा 'र' छान घोळून यायचा. आम्ही सगळे त्या 'र'वर भाळलो होतो. स्विस उच्चार तो असाच असणार, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. माझ्या वर्गातल्या एका मुलीने तर तो आरशासमोर घोटला. पुढे कधीतरी डेअरीवाल्या काकांनी हसत सांगितलं, की अहो, हा माणूस अगदी दक्षिण टोकाकडचा आहे, तिकडचे सगळेच असा 'र' घोळवतात. स्वित्झर्लंडमध्ये साहेब तरुणपणी दोन हिवाळे कुठल्यातरी हॉटेलात बटाटे सोलत होते म्हणे. तेवढ्या दोन हिवाळ्यांवर त्यांनी ही अख्खी शाळा उभी केली होती.

महिन्यातून एकदा फाँड्यूची मेजवानी असायची. वितळलेल्या चीजमध्ये पावाचे तुकडे बुडवून खायचे, हा स्वित्झर्लंडचा मोठा प्रकार. आमचं चीज सुपरमार्केटातून यायचं आणि त्याच्या पाकिटावर 'टेस्टी' असं छापलेलं असायचं. ते विशेषण नव्हे, त्या चीजचं नावच तसं आहे. खाणाऱ्याने मत द्यायची गरजच ठेवली नव्हती. साहेब डोळे मिटून म्हणायचे, हाच तो आल्प्सचा स्वाद. आम्ही माना डोलवायचो आणि खोलीवर येऊन लोणच्याची बरणी उघडायचो.

खोली म्हणजे एका विधवा बाईंच्या घरातली मागची खोली. घर लाकडी आणि इतकं थंड की दूध फ्रिजमध्ये ठेवलं काय आणि माझ्या खोलीत ठेवलं काय, सारखंच. बाई संध्याकाळी साडेपाचला जेवायच्या, त्याला 'टी' म्हणायच्या, आणि माझ्या फोडणीचा वास आला की सगळ्या खिडक्या उघडायच्या. बाहेरचं वारं आत आलेलं त्यांना चालायचं, जिऱ्या-मोहरीचा वास चालायचा नाही. त्या वाईट नव्हत्या, पण चांगलं असण्याचे कष्टही त्यांनी कधी घेतले नव्हते.

आपली माणसं तरी बरी असतील, म्हणून सुट्टीत मी एकदा वेलिंग्टनजवळ जॉन्सनव्हिलला गेले. तिथे बाबांच्या मित्राचे चुलतभाऊ राहत होते. काका सॉफ्टवेअरमध्ये, काकू औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट, घर टेकडीच्या उतारावर. काकूंनी पोहे केले, त्यावर ओलं खोबरं नसल्याबद्दल तीनदा दिलगिरी व्यक्त केली आणि मग विचारलं, तू नेमकं काय शिकतेस. मी सांगितलं. काका हसले. "म्हणजे वाढपी," ते म्हणाले, "स्विस वाढपी." त्यांच्या मुलीने मराठीतलं सगळं समजून घेतलं आणि इंग्रजीत विचारलं, की हे शिकायला इंडिया सोडून यावं लागतं का. त्यानंतर काकांनी मला आपलं गॅरेज दाखवलं. गॅरेजच्या दाराला रिमोट होता. तो त्यांनी चार वेळा चालवून दाखवला आणि मी चारही वेळा 'अरे वा' म्हटलं.

पण वाढपी हा शब्द मला लागला. निघताना पुण्यात आत्याही तेच म्हणाली होती. त्यामुळे मला परत जायचं नव्हतं, म्हणजे निदान तसं तरी जायचं नव्हतं.

आमच्या अभ्यासक्रमात शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष काम करायचं होतं. बहुतेकांच्या वाट्याला वृद्धाश्रमांची स्वयंपाकघरं यायची. तिथे भोपळा शिजवायचा, कुस्करायचा, दात नसलेल्यांना पाठवायचा आणि मग डिप्लोमा घेऊन मायदेशी परतायचं. फक्त एकच जागा वेगळी होती. दोन तासांवर एका सरोवराच्या काठी एक लॉज होतं. तिथे दरवर्षी शाळेतल्या एकाला घ्यायचे, आणि ज्याला घेतलं त्याला पुढे कायमच ठेवून घ्यायचे. वर्क परमिट, पगार, सगळं. शाळेने आम्हाला ते एकदा दाखवायला नेलं होतं. तांब्याची भांडी, दगडी चूल, खिडकीतून सरळ पाणी दिसायचं आणि कोणीही कोणावर ओरडत नव्हतं. त्या गावात आल्यापासून मला पहिल्यांदाच काहीतरी हवंसं वाटलं. नुसतं हवंसं नाही, त्यापायी माझी झोप उडाली.

आईला फोनवर सांगितलं की मला लॉजमध्ये काम मिळायला हवंय, तर तिने आधी मागचा रेडिओ बंद केला. आपल्याकडे लॉज म्हणजे एसटी स्टँडसमोरचं बोर्डिंग अँड लॉजिंग. तिथे कशाला काम करायचं, असं तिने हळू आवाजात विचारलं. हे लॉज म्हणजे राजेरजवाड्यांनी उतरावं असं ठिकाण आहे, हे तिला पटवायला मला अख्खं कॉलिंग कार्ड लागलं. पटल्यावर मात्र तिने ते सगळीकडे सांगितलं, आत्याला आधी.

माझ्या वर्गात ठाण्याचा एक मुलगा होता. तीन आठवड्यांत त्याचं इंग्रजी असं झालं की त्याच्या आईने फोन ठेवून दिला असता. सगळं 'हीप्स' म्हणजे भरपूर आवडायचं, सगळं 'स्वीट ॲज' म्हणजे एकदम झकास असायचं. भर थंडीत तो जँडल घालून फिरायचा. जँडल म्हणजे आपली साधी रबरी स्लीपर, पण स्लीपर म्हटलेलं त्याला आवडायचं नाही. त्याला काहीही विचारा, प्रश्न पुरा होण्याआधी तो हो म्हणायचा. भांडी घासशील का, हो. रग्बी खेळशील का, हो. माणसाला काही घरची शिस्त आहे की नाही, असं मला त्याच्याकडे बघून वाटायचं. आमच्या घरात पहिल्याच विचारण्याला हो म्हणणाऱ्याला हावरट म्हणत.

शाळेचं एक रेस्टॉरंट होतं. गुरुवारी दुपारी तिथे गावकरी स्वस्तात जेवायला यायचे आणि आम्ही त्यांच्यावर सराव करायचो. सराव सिल्व्हर सर्व्हिसचा. म्हणजे डाव्या हातावर फडकं, त्यावर मोठं ताट, उजव्या हातात चमचा आणि काटा चिमट्यासारखा धरून एकेक पदार्थ पाहुण्याच्या बशीत वाढायचा. साहेब यावर आठवडाभर बोलायचे. लग्नाच्या पंगतीत फ्रॉक खोचून मीठ वाढत मी मोठी झाले होते, त्यामुळे मला त्यात कौतुक वाटेना. गावकऱ्यांना मात्र हे फार भारी वाटायचं. ट्रॅक्टर बाहेर लावून यायचे आणि मटार वाढताना श्वास रोखून बसायचे.

वर्ष संपत आलं तेव्हा अशाच एका गुरुवारी लॉजच्या मालकीणबाई माणूस निवडायला आल्या. साठीच्या आसपासच्या, केस पुरुषासारखे कापलेले, पायांत गमबूट. साहेबांनी वाकून स्वागत केलं आणि गमबुटांकडे बघितलंच नाही. बाईंचं टेबल माझ्याकडे आलं. शेजारचं ठाण्याच्या मुलाकडे.

मी मटण वाढलं, सॉस वाढला, भाजलेले बटाटे दोन वाढले. सगळं डावीकडून, एक थेंब न सांडता. मग विचारलं, अजून एक?

"नो, थँक यू," बाई म्हणाल्या. "आय ॲम फाइन."

आता इथे समजून घ्या. आपल्याकडे पहिलं 'नको' हे नको नसतंच. ज्याला खरंच नको असतं तो दोन्ही हात आडवे धरतो, पानावर ओणवा होतो, उठायला बघतो. या बाई हात मांडीवर ठेवून, ताठ बसून नको म्हणत होत्या. त्यांची बशी उघडी होती. माझ्या हाताने काय ओळखायचं ते ओळखलं. "ओन्ली वन," मी म्हटलं आणि बटाटा त्यांच्या बशीत ठेवला.

बाईंनी बटाट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. साहेबांनीही बघितलं. त्यांचा चेहरा बिटासारखा झाला. त्यांनी मला आत ओढून नेलं आणि कुजबुजत्या आवाजात, सगळे 'र' घोळवत सांगितलं की पाहुणा नाही म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ नाही असतो, ही या धंद्यातली पहिली अक्कल आहे आणि मी शाळेचं नाक कापलं आहे. मी मान खाली घालून उभी होते. मनात म्हणत होते, गेलं सरोवर, गेली तांब्याची भांडी. भोपळा कुस्करायला तयार राहा बाई.

कॉफीच्या वेळी मालकीणबाईंनी मलाच बोलावलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हाताने थांबवलं. बटाटा त्यांनी संपवला होता. त्या सावकाश बोलत होत्या. म्हणाल्या, नवरा गेल्यापासून आपण नको म्हटल्यावर कोणी काही वाढलेलं नाही. लॉजवर येणारे लोक असलंच काहीतरी शोधत येतात आणि चमचा-काटा धरणं कुणालाही शिकवता येतं, हे शिकवता येत नाही. मी ऐकत होते आणि माझे कान तापले होते. माझ्या पाठीमागे कपाटाला टेकून साहेब उभे होते.

"तर मग," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे येशील का? आम्हाला आवडेल."

हेच ऐकायला मी वर्षभर त्या लोकरीच्या गोदामात नखं दाखवत होते. आणि माझ्या तोंडून निघालं, "छे छे, मी कसली. माझ्यापेक्षा चांगले कितीतरी जण आहेत इथे." बोलले इंग्रजीत, पण वाक्य अस्सल मराठी होतं. ते मी ठरवून बोलले नाही. कुणी वडीलधाऱ्या माणसाने चांगलं म्हटलं, काही देऊ केलं, की हे असं निघतं. समोरच्याने मग म्हणायचं असतं, अगं असं काय, तूच हवीस. मग आपण पुन्हा आढेवेढे घ्यायचे. मग तिसऱ्यांदा, बरं, आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर.

बाईंनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. त्यांना थोडं वाईट वाटलेलं दिसलं.

"फेअर इनफ," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात ठाण्याचा मुलगा शेजारचे कप उचलायला आला. बाई त्याच्याकडे वळल्या आणि उन्हाळ्यात लॉजवर काम करायला आवडेल का, असं विचारायला लागल्या. त्यांचं वाक्य पुरं झालं नव्हतं.

"स्वीट ॲज," तो म्हणाला.

मी कॉफीची किटली हातात धरून तिथेच उभी राहिले. मला अजून वाटत होतं की त्या वळतील. बाईंनी गमबूट घातलेले पाय टेबलाखालून काढले, साहेबांशी हस्तांदोलन केलं, मुलाचा खांदा थोपटला आणि जाताना मला हसून 'टेक केअर' म्हटलं.

त्या देशात दुसऱ्यांदा विचारत नाहीत. तू नको म्हणालीस, म्हणजे तुला नको असेल, तुझं तुला माहीत. याला ते लोक समोरच्याचा मान राखणं म्हणतात. मी याला आळस म्हणते. माणसाच्या मनात काय आहे ते शोधायला एवढासाही वेळ ज्यांना देता येत नाही, त्यांनी शाळा काढाव्यात तरी कशाला. साहेबांनी संध्याकाळी मला ऑफिसात बोलावून विचारलं की मी असं का केलं. मी म्हटलं, मी नाही म्हणाले नव्हते. ते म्हणाले, मी स्वतः ऐकलं. ऐकलं होतंच त्यांनी. त्यांना मी आढेवेढे हा शब्द इंग्रजीत सांगू शकले नाही. ते शेवटी म्हणाले की तुम्हा मुलींमध्ये महत्त्वाकांक्षाच कमी असते, आणि वृद्धाश्रमाचा पत्ता माझ्या हातात दिला.

घरी जाऊन मी पॅसेजमधल्या फोनवरून आईला फोन लावला. घरमालकीणबाई आत टीव्ही बघत होत्या, त्यामुळे मी हळू बोलत होते. पुण्यात दुपार व्हायची होती, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मी सगळं सांगितलं. बटाट्याचं सांगितलं तेव्हा ती हसली. बाईंनी काय विचारलं आणि मी काय म्हणाले ते सांगितलं तेव्हा मला रडू येत होतं. मला वाटलं ती म्हणेल, अगं वेडे, हे काय केलंस.

"बरोबर बोललीस," आई म्हणाली. "एकदम हो म्हटलं असतंस तर काय वाटलं असतं त्यांना? तो दुसरा आला पुढे पुढे करत, तर येऊ दे. तुझंच नाव आहे त्यांच्या मनात. विचारतील बघ परत."

तिचा आवाज इतका समाधानी होता की मी विषय बदलून कुकरमध्ये काय लावलंय ते विचारलं.

त्यानंतर दर रविवारी ती विचारायची, काय गं, विचारलं का परत? मी आठवडाभर भोपळा कुस्करून आलेली असायचे. वृद्धाश्रमासमोरून सरोवराकडे जाणारी बस रोज दुपारी सुटायची, ती मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची. नाही अजून, मी म्हणायचे.

"विचारतील," आई म्हणायची. "तू मात्र आपण होऊन जाऊ नकोस हं."

आणि मी गेले नाही.